फेरिटिन वाढलं म्हणून रक्त काढायचं का? मोंढ्यातल्या एका आडतदाराचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठी, की एकाच माणसाला तीन-चार महिन्यांच्या अंतराने आधी लोह कमी म्हणून आणि मग लोह जास्त म्हणून उपचार सुचवले गेले, आणि दोन्ही वेळा खरा आजार बाजूलाच राहिला.

## पार्श्वभूमी

रुग्ण ४६ वर्षांचे. मोंढ्यात आडतीचं दुकान, घरची जमीन बटईने दिलेली. सकाळी दहाला गादीवर बसले की रात्री नऊला हिशेब मिटवूनच उठायचे. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक, ती ओसरते तोवर तूर, तुरीमागे हरभरा. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हा एकच लांबलचक सीझन. शेतकरी आला, चहा. खरेदीदार आला, चहा. हमालांचा हिशेब झाला, चहा. कट चहा म्हणजे दोन घोट, पण साखर पूर्ण. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे दिवसाला दहा-बारा कट व्हायचे. एका कटात चमचा-दीड चमचा साखर धरली तरी दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते, आणि ती कुणी गोड खाण्यात धरत नाही. रात्रीचं जेवण साडेदहाला. रविवारी मटण.

दिवाळीनंतर थकवा सुरू झाला. "अंगात जीवच नसल्यागत होऊलालंय, दुपारी गादीवरच डोळा लागूलालाय," असं त्यांनी मेडिकलवर सांगितलं. दुकानदाराने 'रक्त कमी झालं असंल' म्हणून लोहाच्या कॅप्सूल दिल्या, रोज सकाळी रिकाम्या पोटी एक. हिमोग्लोबिन कुणी बघितलं नाही. त्या दुकानदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. थकवा म्हणजे रक्त कमी, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं आहे आणि बायकांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे पोट सुटलेल्या, खाऊनपिऊन असलेल्या पुरुषाला न तपासता लोह देताना, त्याला ते नको असण्याचीच शक्यता जास्त.

कॅप्सूलने फरक पडेना. फेब्रुवारीत पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने मामासाठी घरी येऊन रक्त नेणारं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज लावून दिलं. रिपोर्ट आला तो व्हॉट्सअॅपवर, आधी भाच्याकडे.

## अडचण नेमकी काय होती

हिमोग्लोबिन १५.९. रक्त कमी नव्हतंच. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, मात्र ८४६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पुरुषांत बहुतेक लॅब ३०० ते ४०० ही वरची मर्यादा धरतात. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची भरलेली जागा, ४९ टक्के, तेही लाल अक्षरात. भाच्याने रात्रभर इंटरनेट धुंडाळून निदान केलं: हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. उपाय: दर आठवड्याला रक्त काढून टाकणं.

घराने तोवर आपल्या परीने उपचार सुरू केलेही होते. पालक, मेथी, गूळ, खजूर, बीट बंद. भाकरीचा लोखंडी तवा माळ्यावर गेला आणि नॉनस्टिक आला. ही बंदी एकट्या त्यांच्यासाठी नव्हती. एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून सगळ्या घरालाच लागू झाली. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

ते माझ्याकडे आले तेव्हा हातात रिपोर्टची प्रिंट होती आणि फेरिटिनभोवती पेनाने गोल केलेला होता. त्याच पानांवर आणखी लाल आकडे होते, त्यांना कुणी गोल केला नव्हता: उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, यकृताचं एएलटी ७२, एएसटी ६१, जीजीटी ११८. वजन ८१ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर १०२. रक्तदाब १३८/८८. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी. मेटाबॉलिक सिंड्रोमचे, म्हणजे चयापचय एकत्रितपणे बिघडण्याचे, पाच निकष आहेत: कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, साखर. पाचांपैकी तीन असले की निदान होतं. यांच्याकडे पाचही होते.

## पहिला निर्णय: या आकड्यावर विश्वास ठेवायचा का

फेरिटिनवर काही करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे होते. एक, रक्त दिलं त्या सकाळी कॅप्सूल घेतली होती का? घेतली होती. सहाला, रिकाम्या पोटी, सांगितल्याबरहुकूम. आणि नमुना नेणारा मुलगा आठला आला. लोहाची गोळी घेतल्यावर पुढचे काही तास रक्तातलं लोह चढलेलं असतं, त्याबरोबर सॅच्युरेशनही चढतं. म्हणजे ते ४९ टक्के निम्मे कॅप्सूलचे असू शकत होते.

दुसरा प्रश्न दारूचा. "कधीमधी," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सीझनमध्ये आठवड्यातून चार दिवस तर असतंयच की."

"किती घेता?" याला 'थोडी' हे उत्तर येतं, म्हणून क्वार्टरमध्ये विचारावं. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, आणि ४२.८ टक्क्यांच्या दारूत त्यातून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल मिळतं. आठवड्याला चार क्वार्टर म्हणजे २४० ग्रॅम. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरची (यकृतात चरबी साठण्याच्या आजाराची) नावं आणि व्याख्या बदलल्या, तेव्हा चयापचयाचा बिघाड आणि दारू दोन्ही असलेल्यांसाठी वेगळा गट केला गेला. पुरुषांसाठी तो आठवड्याला २१० ग्रॅमपासून सुरू होतो. आमचे आडतदार सीझनमध्ये त्या गटात जात होते आणि उन्हाळ्यात बाहेर येत होते.

दारूचा लोहाशी थेट संबंध आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि आतड्यातून किती लोह आत घ्यायचं ते या हेप्सिडिनवर ठरतं. दारूने हेप्सिडिन कमी होतं, लोह जास्त शोषलं जातं. शिवाय यकृताच्या पेशींना मार बसला की त्यांच्यातलं फेरिटिन रक्तात सांडतं. त्यामुळे पिणाऱ्याचं फेरिटिन हे त्याच्या साठ्याचं खरं माप नसतं.

पर्याय दोन होते: लगेच जनुकीय तपासणी आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे पाठवणं, किंवा कॅप्सूल आणि दारू दोन्ही बंद करून सहा आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी पुन्हा मोजणं. भाच्याला दुसरा पर्याय वेळकाढूपणा वाटला आणि त्याने तो फोनवर स्पष्ट बोलूनही दाखवला. त्याची काळजी खोटी नव्हती. पण लोह साठून होणारं नुकसान वर्षानुवर्षांचं असतं. सहा आठवड्यांत बिघडण्यासारखं काही नव्हतं. फेरिटिन १००० च्या वर असतं, सोनोग्राफीत सिऱ्होसिसची (यकृत कायमचं कडक होण्याची) चिन्हं असती, किंवा वडील-भावांपैकी कुणाला असा आजार असता, तर थांबलो नसतो.

सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचं फॅटी लिव्हर निघालं. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. सी मध्येही फेरिटिन वाढतं, म्हणून ते बघणं गरजेचं होतं.

मार्चअखेर पुन्हा रक्त तपासलं. फेरिटिन ६१२. सीरम आयर्न (रक्तातलं लोह) १०४, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता) ३४८, म्हणजे सॅच्युरेशन ३० टक्के. एकदम नेहमीसारखं. दाह दाखवणारं सीआरपी थोडंसंच वाढलेलं, म्हणजे कुठे मोठा जंतुसंसर्ग किंवा सूज दबून बसली होती असंही नाही.

## फेरिटिन जास्त आणि सॅच्युरेशन नॉर्मल: याचा अर्थ काय

सगळं प्रकरण या जोडीभोवती फिरतं, म्हणून थोडं सविस्तर.

प्रौढ पुरुषाच्या अंगात साधारण साडेतीन-चार ग्रॅम लोह असतं. जास्तीचं लोह लघवीतून किंवा घामातून बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. दिवसाला मिलिग्रॅमभर लोह पेशी झडण्यातून जातं, तेवढंच. बाईचं पाळीतून आणखी जातं. पुरुषाचं जात नाही. म्हणून वयाबरोबर पुरुषाचा साठा वाढत राहतो. हा साठा फेरिटिन नावाच्या प्रथिनात असतो. एका रेणूत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. त्यातलं किंचितसं फेरिटिन रक्तात फिरतं, तेच लॅब मोजते.

ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन. सॅच्युरेशन म्हणजे त्याची किती जागा भरलेली आहे. समोरचा माणूस मोंढ्यातला असल्यामुळे समजावणं सोपं गेलं: फेरिटिन म्हणजे गोदामातला माल, सॅच्युरेशन म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या किती भरून धावताहेत ते. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये हेप्सिडिन कमी पडतं, आवकेला अडवायला कुणीच नसतं, त्यामुळे गाड्या ओसंडून वाहतात आणि मग गोदामही भरतं. म्हणून त्यात सॅच्युरेशन आधी चढतं, सहसा ४५ टक्क्यांच्या वर. "आपल्याकडं गाड्या नेहमीसारख्याच हायेत, पण गोदामाचं दार लागलंय, असंच ना?" त्यांनी विचारलं. बरोबर होतं.

दार का लागतं? पोटातली चरबी ही नुसती साठवण नाही. तिच्यातून सतत मंद दाह होत राहतो आणि त्याचे निरोप यकृताला जातात. यकृत हेप्सिडिन वाढवतं. हेप्सिडिन पेशींवरच्या फेरोपोर्टिन या दरवाजाला मोडीत काढतं, आणि लोह यकृताच्या आणि भक्षक पेशींच्या आतच अडकून राहतं. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पहिल्यांदा एकत्र मांडले: फेरिटिन जास्त, सॅच्युरेशन नॉर्मल, सोबत लठ्ठपणा, साखर, ट्रायग्लिसराइडची गडबड. आज याला मेटाबॉलिक हायपरफेरिटिनेमिया म्हणतात. ज्याच्यामुळे भाचा घाबरला होता, त्या हिमोक्रोमॅटोसिसचा मुख्य जनुकीय बदल १९९६ मध्ये सापडला. तो उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत नेहमीचा, आपल्याकडे दुर्मीळ आहे.

मग लोह नुसतं साक्षीदार आहे की आरोपीसुद्धा? इथे मी सावध आहे. मोकळं लोह पेशींत घातक ऑक्सिजन रेणू तयार करतं, आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना ते झेपत नाही. हिमोक्रोमॅटोसिसच्या जुन्या रुग्णांत यकृत, मधुमेह आणि काळवंडलेली कातडी असं त्रिकूट दिसे, त्याला ब्राँझ डायबिटीस असं नावच होतं. पूर्व फिनलंडमधल्या मध्यमवयीन पुरुषांच्या १९९८ च्या अभ्यासातही जास्त लोहसाठा आणि पुढे होणारा मधुमेह यांचा संबंध दिसला. म्हणजे लोहाने साखर बिघडू शकते आणि साखर-चरबीच्या बिघाडाने लोह अडकू शकतं; वाट दोन्ही बाजूंनी चालते. आमच्या रुग्णात सुरुवात कुठून झाली असावी, ते १०२ सेंटिमीटरच्या कमरेवरून कळत होतं. उपाशीपोटीचं इन्सुलिन १९ होतं आणि साखर ११०. त्यावरून काढलेला इन्सुलिन-प्रतिरोधाचा निर्देशांक ५ च्या वर गेला. अडीचच्या पुढे गेला की आम्ही कान टवकारतो.

## कोणकोणते पर्याय होते

रक्त काढणे. भाच्याचा आग्रह यासाठीच होता, आणि वरवर पाहता तो पटतोही. लोह जास्त आहे ना, मग काढा. पण हे करून पाहिलेलं आहे. फ्रान्समध्येच २७४ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. अर्ध्यांना आहार-व्यायामाचा सल्ला, अर्ध्यांना तोच सल्ला आणि शिवाय रक्त काढणं. फेरिटिन अर्थातच उतरलं. साखर सुधारली नाही, यकृतालाही फायदा झाला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी ऑस्ट्रेलियात फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीतही असंच निघालं होतं. हा पर्याय बाद केला.

जनुकीय तपासणी आणि एमआरआय. सॅच्युरेशन ३० टक्के असताना जनुकीय तपासणीतून काही हाती लागणार नव्हतं. यकृतातलं लोह मोजणारा एमआरआय मात्र विचारात घेण्यासारखा होता. फेरिटिन ५५० च्या वर असलं की प्रत्यक्ष लोह साठलेलं असण्याची शक्यता वाढते. खर्च, शहराची फेरी, आणि निकालाने आजचा उपचार बदलणार नाही, या तिन्हींचा विचार करून तो वर्षभरासाठी पुढे ढकलला. फेरिटिन उतरलं नाही तर करायचा, असं कागदावर लिहून दिलं.

गोळी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना मेटफॉर्मिन देता येतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात जीवनशैली बदलणाऱ्यांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र दिल्याने वेगळी भर पडली नाही. त्यांना दोन्ही आकडे दाखवले. ते म्हणाले, "गोळी सुरू केली की मी चालायचं बंद करणार, मला माहीत हाय." तीन महिने गोळीविना बघायचं ठरलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीची चर्चा वेगळी झाली, ती इथे नको.

वजन, दारू, चहा. मुख्य उपचार हाच.

## काय केलं

वर्षभरात आठ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्के, हे उद्दिष्ट ठरलं. सात ते दहा टक्के वजन उतरलं की फॅटी लिव्हरमधली सूजसुद्धा ओसरते. आहारतक्ता दिला नाही. दुकानातल्या पोराला एकच सांगायचं ठरलं: शेठचा चहा बिनसाखरेचा, दिवसाला तीन. पहिल्या आठवड्यात शेतकरी विचारायचे, साखरेची बीमारी झाली का? त्यावर त्यांनीच उत्तर शोधलं: "होऊ नये म्हणून." रात्रीचं जेवण आठला, डबा दुकानात. ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीचं वरण किंवा उसळ, भाजी भरपूर; मटण आधीसारखंच, पण रश्श्यावरची तर्री काढून. पहाटे मैदानावर पाऊण तास चालणं.

लोखंडी तवा माळ्यावरून खाली आणला. तव्यातून भाकरीत उतरणारं लोह आणि पालकातलं लोह यांनी फेरिटिन ६१२ होत नसतं. शिवाय बाकीच्या घराचं काय, हा प्रश्न होताच. त्यांच्या पत्नीला मी विचारलं, "वहिनी, तुमचं रक्त कधी तपासलंय?" बाळंतपणानंतर कधीच नाही. पाळीचा त्रास दोन-तीन वर्षांपासून. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, फेरिटिन ७. सतरा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन १०.८. एकाच तव्यावरची भाकरी खाणाऱ्या घरात एकाचं फेरिटिन ६१२ आणि एकीचं ७, आणि त्या घराने ६१२ कडे बघून सगळ्यांचा पालक बंद केला होता. वहिनींना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या सहा महिन्यांत १२ वर आल्या.

थकव्याचं मूळ वेगळंच निघालं. दुपारी गादीवर डोळा लागणं, सकाळी उठल्यावर डोकं जड, आणि वहिनींच्या शब्दांत "घोरणं असलं की शेजारी उठतील, मधीच श्वास थांबल्यागत होतंय." झोपेत श्वास अडण्याचा आजार असणार असा माझा अंदाज होता. झोपेची तपासणी करायला ते तयार झाले नाहीत. वजन पाच किलोने उतरलं तेव्हा घोरणं कमी झालं आणि दुपारची पेंगही. पुराव्याविना यापुढे काही म्हणता येत नाही.

सप्टेंबरमध्ये आणखी एक प्रसंग आला. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं रक्तदान शिबिर होतं. त्यांना वाटलं, डॉक्टर रक्त काढू देत नाहीत तर दान तरी करावं, दोन्ही कामं होतील. रक्तदान जरूर करा, पण उपचार म्हणून नको, असं सांगितलं. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत लोह जातं पावणेदोनशे-दोनशे मिलिग्रॅम. त्याने फेरिटिन वीस-पंचवीसने हलेल. रक्तदाब तोवर १२८/८२ वर आलेला होता, हिमोग्लोबिन चांगलं, बाकी अडचण नव्हती. त्यांनी दान केलं. शिबिरात 'लोह जास्त आहे म्हणून आलोय' असं सांगू नका, हेही सुचवावं लागलं. उगाच तिथल्या डॉक्टरांची धावपळ. पुढचं दान किमान ९० दिवसांनी, हा नियम त्यांना माहीत होता.

## निकाल

| | फेब्रुवारी | मार्चअखेर | जून | डिसेंबर | पुढचा एप्रिल |
|---|---|---|---|---|---|
| वजन (किलो) | ८१ | ७९.५ | ७६ | ७७.५ | ७३ |
| उपाशीपोटी साखर | ११२ | ११० | १०२ | १०६ | ९७ |
| ट्रायग्लिसराइड | २३६ | २०८ | १६२ | १९८ | १४८ |
| एएलटी | ७२ | ६६ | ४५ | ५८ | ३३ |
| फेरिटिन | ८४६ | ६१२ | ४४८ | ५२१ | ३०४ |
| सॅच्युरेशन (टक्के) | ४९ | ३० | २९ | ३४ | ३१ |

कंबर १०२ वरून ९३ वर आली, एचबीए१सी ६.१ वरून ५.६ वर. एचडीएल ३४ वरून ३८; ते हट्टी असतं.

डिसेंबरचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. जूनचा रिपोर्ट बघून सगळे खूश झाले आणि ऑक्टोबरला सोयाबीन आलं. रात्री उशिरापर्यंत काटे, खरेदीदारांबरोबर बसणं, पुन्हा आठवड्यातून दोन-तीन क्वार्टर. डिसेंबरला फेरिटिन, एएलटी, ट्रायग्लिसराइड तिन्ही एकदम वर. सप्टेंबरच्या रक्तदानाने गेलेलं लोह या चढापुढे कुठल्या कुठे गेलं. भाच्याला रक्त काढण्याबद्दल जे मी वर्षभर सांगत होतो, ते या एका रकान्याने त्याला पटलं. जानेवारीपासून दारू पूर्ण बंद केली ती मात्र त्यांनी स्वतःहून, माझ्या सांगण्याने नव्हे. मुलीची बारावी होती आणि तिने घरात अट घातली होती.

फेरिटिन ३०४ वर आल्यामुळे एमआरआयचा प्रश्न सध्या मिटला.

## वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच मेडिकलच्या काउंटरवर दीडशे-दोनशे रुपयांची सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी) झाली असती तर लोहाची कॅप्सूल सुरूच झाली नसती. ४९ टक्क्यांचं ते सॅच्युरेशन आलं नसतं, आणि हिमोक्रोमॅटोसिसचं भूत घरात शिरलं नसतं. पॅकेजवाले नमुना नेताना 'बारा तास उपाशी राहा' एवढंच सांगतात. लोहाची तपासणी असेल तर गोळी आधीच बंद करायला सांगणं हे त्यांचं काम आहे, आणि ते सहज जमण्यासारखं आहे.

यकृत किती खराब आहे हे ठरवताना आम्ही वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेटवरून निघणारा फिब-४ निर्देशांक वापरला. तो १ च्या आसपास आला, १.३ च्या आत, म्हणून फायब्रोस्कॅनला, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीला, पाठवलं नाही. दारूचाही वाटा असलेल्या रुग्णात फायब्रोस्कॅन एकदा करून ठेवावा असं म्हणणारे सहकारी आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पुढच्या वर्षी तो करायचा आहे. झोपेच्या तपासणीचा आग्रहही पुन्हा धरायचा आहे. वजन परत चढलं तर घोरणं परत येईल.

आणि पुढची रक्ततपासणी आता जूनऐवजी डिसेंबरात, आवक ऐन भरात असताना ठेवली आहे. एप्रिलचा रिपोर्ट मोंढा थंडावत आलेला असतानाचा आहे. त्यावरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.